शेखुर्रईस इब्ने सीना : डोकेदुखी, उपचार आणि उतावीळपणा



परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण उभे आहे. ते १९६८ साली पूर्ण झाले. वैशाखातील दुपारी या धरणाच्या आसपासच्या कोणत्याही वस्तीत तुम्ही गेलात, तर एक दृश्य तुम्हांला बहुधा दिसेल. शेतातून परतलेली एखादी माउली ओढणीने किंवा पदराने कपाळ घट्ट आवळून भिंतीला टेकून बसलेली असते. घरातील मूल धावत जाऊन किराणा दुकानातून एक गोळी आणते. चहाच्या घोटाबरोबर ती गोळी पोटात जाते आणि माउली पुन्हा कामाला लागते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कोणी म्हणते ऊन लागले, कोणी म्हणते पित्त झाले, कोणी नजर लागली असे समजून मीठ-मिरच्या ओवाळून टाकते. डोके मात्र दुखतच राहते.

या माउलीच्या दुखण्याविषयी बोलताना आम्ही तुम्हांला एक हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचे चरित्र सांगणार आहोत. डोकेदुखीची कारणे त्याने मोठ्या बारकाईने लिहून ठेवली, स्वतःची डोकेदुखी स्वतः बरी केली, आणि अखेरीस स्वतःच्याच उपचारातील घाईने आपला मृत्यू जवळ ओढून घेतला. या तिन्ही गोष्टी एकाच आयुष्यात घडल्या, म्हणून ते आयुष्य आपण नीट पाहिले पाहिजे.

हा पुरुष आपल्या मातीला परका नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि येथील गावोगावी युनानी हकिमांचा राबता होता. त्याच्याही पूर्वी अहमदनगरच्या निजामशाहीत रुस्तुम जुरजानी या हकिमाने जखीरा-ए-निजामशाही हा वैद्यकग्रंथ रचला. तारुण्य अहमदनगरात घालवलेल्या फरिश्ता या इतिहासकाराने दस्तुरुल-अतिब्बा नावाचा ग्रंथ लिहून हिंदी वैद्यकाची ओळख फारसी वाचकांना करून दिली. दख्खनमध्ये हकीम आणि वैद्य एकमेकांकडून शिकत होते. या साऱ्या हकिमांचा आदिगुरू म्हणून ज्याचे नाव आदराने घेतले जाई, तोच आपला चरित्रनायक होय. जग त्याला शेखुर्रईस अबू अली हुसैन इब्ने अब्दुल्लाह इब्ने सीना या नावाने ओळखते.

बुखाऱ्याचा बालक

इब्ने सीना यांचा जन्म हिजरी ३७० च्या सुमारास, म्हणजे इ. स. ९८० मध्ये, बुखारा शहराजवळील अफशाना या खेड्यात झाला. आईचे नाव सितारा. वडील अब्दुल्लाह मूळचे बल्ख येथील असून सामानी राजवटीत एका परगण्याचा कारभार पाहत होते. मुलाच्या शिक्षणासाठी कुटुंब बुखाऱ्यास येऊन राहिले. वयाच्या दहाव्या वर्षी या बालकाने संपूर्ण कुरआन मुखोद्गत केले होते.

वडिलांची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अंकगणित शिकण्यासाठी त्यांनी मुलाला एका भाजीविक्रेत्याकडे पाठवले, कारण त्या काळी नवीन मानली जाणारी हिंदी हिशेबपद्धती त्या गरीब माणसाला उत्तम अवगत होती. ज्ञान ज्याच्याकडे असेल त्याच्यापुढे गुडघे टेकून बसावे, तेथे हुद्दा आणि दुकान पाहू नये, हा संस्कार मुलावर लहानपणीच झाला. फिकहचे शिक्षण त्यांनी इस्माईल अज-जाहिद यांच्याकडे घेतले, तर तर्कशास्त्र आणि भूमितीचे पहिले धडे नातिली नावाच्या विद्वानाने दिले.

पुढे वैद्यकाचा अभ्यास सुरू झाला. हे शास्त्र आपल्याला अवघड वाटले नाही, असे त्यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगून ठेवले आहे. सोळाव्या वर्षी अनुभवी हकीम त्यांच्याकडे येऊन ग्रंथ समजून घेऊ लागले. वैद्यक सोपे वाटले, हे वाक्य तुम्ही मनात ठेवा. चरित्राच्या शेवटी त्याची आठवण येईल.

एखादा प्रश्न सुटेनासा झाला की हा तरुण उठून मशिदीत जाई, नमाज अदा करी आणि वाट उघडावी म्हणून अल्लाहपुढे याचना करी. ॲरिस्टॉटलचा एक ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला, तो पाठ झाला, पण अर्थ उमगेना. एके दिवशी पुस्तकांच्या बाजारात एका विक्रेत्याने गळ घालून तीन दिरहमांना एक छोटे पुस्तक त्यांच्या हाती दिले. ते अल-फाराबी यांचे विवरण होते. घरी जाऊन वाचताच सारा गुंता सुटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कृतज्ञतेपोटी गोरगरिबांना भरपूर सदका दिला.

याच सुमारास बुखाऱ्याचा अमीर नूह इब्ने मन्सूर आजारी पडला. वयोवृद्ध हकिमांसोबत सतरा वर्षांच्या या तरुणालाही बोलावण्यात आले. अमीर बरा झाला. बक्षीस म्हणून इब्ने सीना यांनी राजग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मागितली. तेथे दालनामागून दालने होती आणि प्रत्येक दालनात एकेका विषयाच्या ग्रंथांच्या पेट्या रचलेल्या होत्या.

भटकंती, वजीरपद आणि कैद

बाविसाव्या वर्षी वडील गेले, सामानी राजवट कोसळली आणि तेथून पुढचे आयुष्य भटकंतीत गेले. ख्वारज्म, खुरासान, जुरजान, रय, हमदान आणि इस्फहान असा हा प्रवास होता. जुरजान येथे त्यांना जूजजानी नावाचा निष्ठावान शिष्य लाभला. शेखांचे उत्तरचरित्र आपल्याला कळते ते याच शिष्याच्या लेखणीमुळे.

हमदानचा राजा शम्सुद्दौला पोटशुळाने पिडलेला होता. शेखांनी त्याला बरे केले आणि राजाने त्यांना वजीर केले. पुढे सैन्याने बंड करून त्यांचे घर लुटले, त्यांना ठार मारण्याची मागणी केली. चाळीस दिवस ते एका मित्राच्या घरी लपून राहिले. राजाला पुन्हा पोटशूळ उठला तेव्हा त्यांना शोधून आणून, क्षमा मागून, वजीरपद परत देण्यात आले. दिवसा राज्याचा कारभार आणि रात्री शिष्यांसह लेखन व अध्यापन, असा त्यांचा क्रम असे. राजाच्या मृत्यूनंतर त्यांना फर्दजान किल्ल्यात चार महिने कैद घडली. तेथेही लेखणी थांबली नाही. सुटका झाल्यावर सुफी दरवेशाच्या वेषात ते इस्फहानला निसटले आणि अलाउद्दौलाच्या आश्रयास राहिले.

वाचकहो, थोरांच्या चरित्रात केवळ उजेड दाखवणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे. शेखांच्या काही तात्त्विक मतांवर इमाम गजाली (र.) यांनी कठोर टीका केली आहे. रात्रीच्या अभ्यासात थकवा आल्यावर आपण मद्याचा पेला घेत असू, अशी कबुली खुद्द शेखांनीच दिली आहे. ते वर्तन हरामच होते. विद्वत्तेने ते हलाल होत नाही. आपण त्यांच्याकडून वैद्यक घेऊ या आणि त्यांच्या चुकांपासून बोध घेऊ या.

बर्फाची पुरचुंडी

जूजजानीने एक प्रसंग नोंदवला आहे. एके दिवशी शेखांचे डोके विलक्षण दुखू लागले. डोक्याच्या आवरणाकडे दूषित द्रव उतरू पाहत आहे आणि तेथे सूज येईल, अशी त्यांना शंका आली. त्यांनी भरपूर बर्फ मागवला, तो कुटून फडक्यात गुंडाळला आणि डोके त्याने झाकून घेतले. ती जागा बळकट होईपर्यंत हा उपाय चालू ठेवला आणि त्यांना आराम पडला.

दुसरा प्रसंग ख्वारज्मचा आहे. क्षयाने ग्रासलेल्या एका स्त्रीला त्यांनी सारी औषधे बंद करून केवळ साखरेतला गुलकंद घेण्यास सांगितले. दीर्घकाळ तो घेऊन ती बरी झाली, असे जूजजानी लिहितो. आज क्षयावर गुलकंद पुरेसा आहे असे कोणी समजू नये. क्षयाची निश्चित औषधे आता सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात आणि ती पूर्ण घ्यावीच लागतात. येथे पाहायचे ते एवढेच की थोडक्यात भागत असेल तेथे शेख औषधांचा भडिमार करीत नसत.

असे अनेक अनुभव त्यांनी सुट्या पानांवर टिपून ठेवले होते. ते आपल्या महाग्रंथात घालण्याचा त्यांचा बेत होता. ग्रंथ पूर्ण होण्याआधीच ती पाने गहाळ झाली. वैद्यकाची ती हानी कधीच भरून निघाली नाही.

अल-कानूनमधील डोकेदुखी

तो महाग्रंथ म्हणजे अल-कानून फित-तिब. त्याचे पाच खंड आहेत. बाराव्या शतकात तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचा लॅटिन अनुवाद केला, १५९३ मध्ये रोम येथे मूळ अरबी ग्रंथ छापला गेला आणि युरोपातील विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत तो शिकवला जात होता. तिसऱ्या खंडात डोक्यापासून पायापर्यंतचे आजार क्रमाने येतात आणि आरंभीच मेंदूचे आजार व सुदाअ, म्हणजे डोकेदुखी, यांचा विस्तृत विचार आहे.

शेखांचा पहिला सिद्धांत असा की डोकेदुखी एक नाही, अनेक आहेत, आणि कारण कळल्याखेरीज उपचार करू नये. काही वेळा दोष डोक्यातच असतो, तर काही वेळा पोटासारखा दुसरा अवयव बिघडतो आणि डोके त्याच्या दुःखात सहभागी होते. ऊन, थंडी, उपासमार, जागरण, उग्र वास, मद्य, मार लागणे, सूज, अशी कारणे त्यांनी वेगवेगळी मांडली. अर्ध्या डोक्याच्या दुखण्याला अरबीत शकीका म्हणतात. त्याचे प्रकरण त्यांनी स्वतंत्र ठेवले. आपण त्यालाच अर्धशिशी म्हणतो. उपचारांत विश्रांती, हलका आहार, झोप, तसेच गुलाबाचे तेल आणि सिरका यांचा लेप त्यांनी सांगितला. त्यांचे शरीरद्रवांविषयीचे सिद्धांत आज मागे पडले आहेत. कारण शोधण्याचा त्यांचा आग्रह मात्र आजही वैद्यकाचा पाया आहे.

आजचे डॉक्टर डोकेदुखीचे दोन मोठे वर्ग करतात. पहिल्या वर्गात दुखणे हाच आजार असतो. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणारी ताणाची डोकेदुखी सर्वांत जास्त आढळते. अर्धशिशी बहुधा एका बाजूला ठणकते, मळमळ होते, उजेड आणि आवाज नकोसा होतो. उपचार न केल्यास एक झटका ४ ते ७२ तास टिकतो. ती पुरुषांपेक्षा स्त्रियांत बरीच अधिक असते आणि मासिक पाळीच्या सुमारास पुष्कळदा उसळते. उपाशी राहणे, झोप मोडणे, ऊन आणि उग्र वास ही तिला चेतवणारी नेहमीची कारणे होत. दुसऱ्या वर्गात दुखणे ही दुसऱ्या आजाराची हाक असते. ताप, सायनसची सूज, डोळ्यांचे विकार, डोक्याला मार, मेंदूज्वर, मेंदूतील रक्तस्राव किंवा गाठ ही त्यांपैकी काही होत.

म्हणून पुढील लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत एक क्षणही दवडू नका आणि रुग्णाला तत्काळ दवाखान्यात न्या. आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी क्षणार्धात सुरू होणे, तापासोबत मान ताठणे, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे किंवा शुद्ध हरपणे, दिसेनासे होणे, डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे वाढत जाणे, गरोदरपणात तीव्र डोकेदुखी होऊन डोळ्यांपुढे अंधारी येणे. पन्नाशीनंतर प्रथमच डोकेदुखी जडली तरी तपासणी टाळू नये. उन्हात काम करणारा माणूस डोके दुखून बरळू लागला आणि अंग तापले, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत आणून, अंगावर पाणी टाकत, वारा घालत दवाखाना गाठावा. येथे उतारा काढण्यात गेलेला अर्धा तास प्राण घेऊ शकतो.

आठ वेळा

आता शेखांच्या अखेरच्या दिवसांकडे वळू. अलाउद्दौलाच्या एका मोहिमेत ते सैन्यासोबत होते. तेथे त्यांना पोटशूळ उठला. ज्या रोगावर राजाला बरे करून त्यांनी वजीरपद मिळवले होते, तोच हा रोग. सैन्याला माघार घ्यावी लागली तर आजारी अवस्थेत आपण मागे पडू, ही भीती त्यांना वाटत होती. लवकर बरे व्हायचे म्हणून त्यांनी एकाच दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. आतड्यांना व्रण पडले.

पुढे औषधात दोन दानक अजमोदाचे बी घालण्यास त्यांनी सांगितले, तर उपचार करणाऱ्याने पाच दिरहम, म्हणजे पंधरा पट, घातले. ते चुकून की जाणूनबुजून, हे आपल्याला ठाऊक नाही, असे जूजजानीने लिहून ठेवले आहे. एका नोकराने त्यांच्या औषधात जास्तीची अफू मिसळली, कारण नोकरांनी त्यांच्या पैशांत अफरातफर केली होती आणि ते बरे झाले तर शिक्षा होईल याची त्यांना धास्ती होती. तरीही शेख इतके सावरले की चालू-फिरू लागले. पण त्यांनी पथ्य पाळले नाही, देहाच्या इच्छांना आवर घातला नाही. दुखणे उलटत राहिले. हमदानला पोहोचल्यावर त्यांनी ओळखले की शरीराचा कारभार पाहणारी शक्तीच आता थकली आहे आणि उपचाराचा उपयोग नाही.

मग त्यांनी औषधे सोडली, तौबा केली, आपली संपत्ती गरिबांत वाटली, गुलामांना मुक्त केले आणि कुरआनपठणात मन गुंतवले. हिजरी ४२८ च्या रमजान महिन्यात, इ. स. १०३७ मध्ये, त्यांचे निधन झाले. वय साठीच्याही आत होते. त्यांची कबर हमदान येथे आहे.

विचार करा. वैद्यक ज्याला सोपे वाटले होते, ज्याने जगाला मात्रा शिकवली, त्याचीच मात्रा चुकली. तेथे ज्ञान कमी पडले नव्हते, धीर कमी पडला होता.

आपल्या घरातील गोळी

येलदरीच्या त्या माउलीकडे आपण परत येऊ. तिची रोजची गोळी आणि शेखांच्या आठ बस्ती यांत फार अंतर नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि अनेक औषधांच्या मिश्र गोळ्या किंवा अर्धशिशीवरील खास गोळ्या महिन्यात १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या गेल्या, तर त्या गोळ्याच डोकेदुखीचे कारण बनू शकतात. गोळी उतरली की डोके दुखते, दुखले की गोळी घेतली जाते आणि हे चक्र थांबत नाही. शिवाय काही वेदनाशामके जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. सोळा वर्षांखालील मुलांना तर ॲस्पिरिन डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज देऊच नये. धरण भरले म्हणून कोणी सगळे दरवाजे एकदम उघडत नाही. खालच्या गावांचा विचार करून पाणी बेताने सोडले जाते. औषधाचेही तसेच आहे.

मग करावे काय? वेळेवर जेवण, पुरेसे पाणी, ठरलेल्या वेळी झोप, उन्हात डोके झाकणे, हे उपाय साधे असले तरी पुष्कळांचे दुखणे निम्म्यावर आणतात. डोके कधी दुखले, किती वेळ दुखले, त्याआधी काय खाल्ले, झोप किती झाली, कोणती गोळी घेतली, हे एका वहीत लिहून ठेवा. शेखांची पाने हरवली, तुमची वही हरवू देऊ नका. डॉक्टरांपुढे ती ठेवाल तर निदान सोपे होईल. महिन्यात अनेकदा अर्धशिशी उठत असेल, तर ती येऊच नये म्हणून रोज घेण्याची औषधे असतात. ती डॉक्टरच ठरवतील. गोळ्यांची सवय जडली असेल तर तीही त्यांच्या देखरेखीखाली सोडवावी.

रमजानमध्ये पुष्कळांचे डोके दुखते. पाण्याची कमतरता, उपास, अपुरी झोप आणि चहा अचानक तुटणे ही त्याची मुख्य कारणे होत. रमजानच्या आधीच चहा हळूहळू कमी करावा, सहरी चुकवू नये, इफ्तारनंतर पाणी पुरेसे प्यावे. आणि आजार असह्य असेल तर रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची सवलत अल्लाहने कुरआनात स्वतः दिली आहे. सून किंवा लेक अर्धशिशीने तळमळत असताना तिला आळशी ठरवणे, तिच्या ईमानावर शंका घेणे, हा अन्याय आहे.

लक्षात ठेवा, प्रेषित मुहम्मद (स.) यांचेही मस्तक दुखले आहे. एहरामच्या स्थितीत शकीकेमुळे त्यांनी डोक्यावर हिजामा करवून घेतल्याचे हजरत इब्ने अब्बास (र.) यांच्या निवेदनात आहे. अखेरच्या आजारात त्यांनी डोक्याला कापड बांधले होते. हजरत आयशा (र.) यांनी डोके दुखत असल्याची तक्रार केली, तेव्हा त्यांनी आपलेही डोके दुखत असल्याचे सांगितले. म्हणजे दुखणे बोलून दाखवणे सब्रच्या विरुद्ध नाही आणि उपचार करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. अल्लाहने प्रत्येक रोगासोबत त्याचा उपायही उतरवला आहे, हीच त्यांची शिकवण आहे. उपाय शोधणे आपले काम, शिफा देणे त्याचे.

तेव्हा आज घरी गेल्यावर कपाळ आवळून बसलेल्या माउलीला एक प्रश्न विचारा: या महिन्यात किती दिवस गोळी घेतली? उत्तर मोजता येण्यापलीकडचे असेल, तर उद्याची मजुरी एक दिवस राहू द्या आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. अल्लाह आपल्या सर्व रुग्णांना शिफा देवो, आपल्याला ज्ञानासोबत धीर देवो आणि शेखांच्या चुकांना क्षमा करून त्यांच्या सेवेचा स्वीकार करो. आमीन.